रोजचे दहा किलोमीटर की घड्याळातले झोन?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेतल्या तरुण क्रीडाशिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांच्या शाळेत एक जुने गुरुजी ३० वर्षांपासून मुलांना पळवतात. रोज पहाटे सगळ्यांना दहा किलोमीटर, सुट्टी नाही, मध्ये पाणी नाही. त्यांची मुलं जिल्ह्याला आणि विभागाला पदकं आणतात. प्रश्न विचारणारे सर प्रशिक्षणाचा कोर्स करून आले आहेत. त्यांनी मनगटी घड्याळं आणली, हृदयाच्या ठोक्यांचे झोन (म्हणजे कोणत्या सरावाला ठोके किती ते किती असावेत याचे टप्पे) काढले, पण सहा महिन्यांत त्यांच्या मुलांचं टायमिंग जागचं हललं नाही. गुरुजी म्हणतात, पुस्तक मिटवा आणि पोरं पळवा. सर विचारतात, मी कोणाचं ऐकू? हाताशी १४ मुलं-मुली आहेत, शाळेमागचं मैदान आहे, नहराचा (कालव्याचा) रस्ता आहे आणि एक स्टॉपवॉच आहे.

सर, आधी थोडक्यात सांगतो. गुरुजी भरपूर पळवतात हे बरोबर आहे, सगळ्यांना एकाच वेगानं पळवतात हे चूक आहे. तुम्ही हळू पळायचे आणि जोरात पळायचे दिवस वेगळे केले हे बरोबर आहे, पण त्या नादात एकूण पळणंच कमी झालं असणार असं मला वाटतं. आणि आपल्या भागात जी गोष्ट सगळ्यात आधी करायला हवी, म्हणजे पोरांचं रक्त तपासणं, ती तुम्हा दोघांकडूनही राहून गेलेली दिसते. त्याबद्दल पुढे बरंच लिहिलं आहे. बाकी काही वाचलं नाही तरी तेवढं वाचा.

मी चंद्रपूर जिल्ह्यात, सावली-मूलच्या पट्ट्यात, २८ वर्षं हेच काम करतो आहे. मला पळायला शिकवलं ते फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदारसाहेबांनी. आसोलामेंढ्याच्या नहराच्या पाळीवरून आम्ही अनवाणी पळायचो आणि ते सायकलवर मागून यायचे. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. पावलांच्या आवाजावरून ते सांगायचे, "तू पाय घासतोयस, रात्री जागलास का?" आणि खरंच आदल्या रात्री आम्ही दंडारीला किंवा नाटकाला बसलेलो असायचो. असा कान आणि असा डोळा मला पुढे कोणत्याही यंत्रात सापडला नाही. म्हणून गुरुजींना मोडीत काढण्याचा विचार मनात आला असेल तर तो आधी काढून टाका.

रोज, भरपूर आणि संथ पळणं मागासलेलं आहे असं तुम्हाला कोर्समध्ये कोणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करत करत स्वतःवरच प्रयोग करायचे. त्यांची मुलं आठवड्याला १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर पळायची. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये एकाच दुपारी त्यांच्या पीटर स्नेलनं ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गनं ५,००० मीटरचं सुवर्ण घेतलं. ८०० मीटर म्हणजे पावणेदोन मिनिटांचं काम, तरी त्या स्नेलचा पाया या लांबच्या पळण्यावरच घातलेला होता. संथ पळण्यानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात. हे सगळं होण्यासाठी महिने आणि वर्षं लागतात, त्याला आडवाट नाही. आपल्याकडे शिवनाथ सिंग १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये ११ वे आले आणि १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली. तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून जास्त टिकला. त्या काळात आपल्याकडच्या धावपटूंच्या मनगटावर ठोके मोजणारं काही नव्हतं.

मग गुरुजींचं चुकतं कुठे? इथे थोडं थांबून हिशोब करू.

समजा गुरुजींचा घोळका पाच मिनिटांना एक किलोमीटर या वेगानं जातो. दहा किलोमीटरला ५० मिनिटं. त्यात तीन पोरं धरा. पहिल्याचं दहा किलोमीटरचं सर्वोत्तम टायमिंग ३६ मिनिटं आहे. त्याच्यासाठी ही ५० मिनिटं म्हणजे गप्पा मारत पळणं. दुसऱ्याचं सर्वोत्तम ४६ आहे. तो रोज सकाळी आपल्या ताकदीच्या काठावर पळतो. ना निवांत, ना पुरतं जोरात, नुसतं दमवणारं. तिसऱ्याचं सर्वोत्तम ५२ आहे. त्याच्यासाठी घोळक्याचा रोजचा वेग त्याच्या शर्यतीच्या वेगापेक्षाही जास्त आहे. तो सहाव्या किलोमीटरपर्यंत जीव तोडून टिकतो, मग चालतो, मग शिव्या खातो. रस्ता एकच, घाम सारखाच, पण औषधाचा डोस तिघांना तीन तऱ्हेचा मिळतो. पहिला वर्षभरात सुधारतो आणि पदक आणतो. दुसरा दोन वर्षं तिथंच अडकतो. तिसरा दिवाळीनंतर येतच नाही.

म्हणजे पहिल्यासाठी गुरुजींची पद्धत जगातली उत्तम पद्धत आहे आणि योगायोगानं ती लिडियार्डचीच पद्धत आहे. तिसऱ्यासाठी ती चाळणी आहे. चाळणीवर जे दाणे राहिले ते आपण दाखवतो, खाली गळालेले कोणी मोजत नाही. माझ्या हवालदारसाहेबांच्या हाताखाली आम्ही २२ जण होतो. दोन वर्षांनी पाच उरलो. त्या पाचांतले तीन फौजेत आणि पोलिसात लागले, गावात साहेबांचं नाव झालं. बाकीच्या १७ जणांना "याच्यात दम नाही" एवढंच प्रमाणपत्र मिळालं. त्यांतले दोघे-तिघे माझ्यापेक्षा निश्चित चांगले निघाले असते, हे मला आज प्रशिक्षक म्हणून कळतं.

आता तुमच्या बाजूची चूक. झोन काढताना तुम्ही बहुधा २२० मधून वय वजा केलं असेल. १५ वर्षांच्या मुलाला २०५ आले असतील. हे सूत्र सरासरी सांगतं, तुमच्या समोरच्या पोराचं सांगत नाही. एखाद्याचं खरं टोक १९० असतं, एखाद्याचं २१५ असतं. दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी नेहमीचा आहे, आणि तेवढ्या फरकानं तुमचा संथ झोन एकाला रांगायला लावतो आणि दुसऱ्याची शर्यत करतो. त्यात आपला उन्हाळा. ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. उकाड्यात त्याच वेगाला ठोके वाढत जातात, कारण शरीर गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं. घड्याळ म्हणतं हळू पळ, पोरगं आणखी हळू पळतं, आणि आठवड्याचं पळणं दोन तासांवर येतं. घड्याळ टाकून द्या असं मी म्हणत नाही. सकाळी उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजायला शिकवा, मानेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त लागले तर त्या दिवशी जोराचा सराव नाही. त्याला पैसा लागत नाही.

पळताना वेग ठीक आहे का हे ओळखायला मी गेली पंधरा वर्षं एकच यंत्र वापरतो: शाळेची प्रतिज्ञा. ‘भारत माझा देश आहे’ पासून पुढे, पळता पळता मोठ्यानं म्हणायची. पूर्ण वाक्य एका दमात येत असेल तर संथ वेग बरोबर आहे. दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर तो मधला कष्टाचा वेग. बोलताच येत नसेल तर तो शर्यतीचा. प्रत्येक मुलाला प्रतिज्ञा पाठ असते आणि खोटं बोलता येत नाही, कारण ऐकू येतं. स्टीफन सायलर नावाचे संशोधक नॉर्वेत काम करतात. त्यांनी नौकावल्हव, स्कीइंग, धावणं अशा खेळांतले अव्वल खेळाडू प्रत्यक्ष कसा सराव करतात हे पाहिलं. साधारण ८० टक्के सत्रं निवांत आणि उरलेली खरोखर कष्टाची, असं त्यात दिसलं. प्रतिज्ञा म्हणता येईल असं पळणं म्हणजे ते ८० टक्के. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पोलीस भरतीचे १६०० मीटर डोक्यात असल्यामुळे भरतीची पोरं रोज १६०० मीटर जीव खाऊन पळतात, रोज टायमिंग लावतात, तीन आठवड्यांत नडग्या धरून बसतात. शर्यत १६०० ची असली म्हणून सराव रोज १६०० चा होत नाही.

आता तुमची १४ पोरं आणि एक स्टॉपवॉच. संथ दिवशी हे करा. सगळ्यांना नहराच्या रस्त्यानं एकदम सोडा. २० मिनिटांनी शिट्टी वाजली की जो जिथं असेल तिथून मागे फिरेल. बरोबर वेगानं गेलेला ४० व्या मिनिटाला परत येतो. ४३ ला आला तर तो जाताना जास्त जोरात गेला होता, पुढच्या वेळी आपोआप शिकतो. यात तेज पोरगं चार किलोमीटर गाठून फिरतं, कच्चं तीनवरून फिरतं आणि दोघं एकत्र परत येतात. कोणी मागे राहिला असं दिसतच नाही. गुरुजींचा घोळका, गुरुजींचा रस्ता, सगळं तेच राहतं, फक्त अंतराऐवजी मिनिटं मोजायची. शिट्टी गुरुजींच्या हातात द्या आणि तुम्ही सायकलवर घोळक्याबरोबर राहा.

जोराचा सराव आठवड्यातून दोनदा पुरे. मैदानावर २०० मीटरचं वर्तुळ आखायचं असेल तर मध्ये खुंटी ठोकून ३१ मीटर ६३ सेंटिमीटर दोरीनं चुन्याची रेघ मारा. रेघेच्या बाहेरून वीतभर अंतरावर पळालं की २०० भरतात. एका दिवशी दोन फेऱ्या, मग दोन मिनिटं चालत-हळू पळत, असं सहा ते आठ वेळा. शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात यायला हवी. ती मागे पडू लागली की सराव तिथंच संपवायचा, मग पाचच झाल्या असल्या तरी चालतील. आठवड्यातल्या दुसऱ्या जोराच्या दिवशी १५ ते २० मिनिटं सलग, दोन-तीन शब्द बोलता येतील अशा कष्टानं. रविवारी मोठ्या मुलांना तास-सव्वा तास संथ. एक दिवस पूर्ण सुट्टी. १४ वर्षांच्या आतल्या पोरांना यातलं काही देऊ नका, त्यांना खो-खो, लंगडी, कबड्डी खेळू द्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा घोळक्याबरोबर थोडं पळू द्या.

अलीकडे नॉर्वेच्या धावपटूंच्या ‘दुहेरी थ्रेशोल्ड’ सरावाचं फार कौतुक होतं, तुम्हीही वाचलं असेल. एकाच दिवशी दोनदा, रक्तातलं लॅक्टेट (कष्ट वाढले की रक्तात वाढणारा पदार्थ) मोजत, ताकदीच्या काठाच्या जरा आत राहून पळायचं. पद्धत चांगली आहे, पण ती वर्षानुवर्षं पाया घातलेल्या आणि दुपारी झोपू शकणाऱ्या माणसांसाठी आहे. तिच्यातली आपल्या कामाची गोष्ट एकच: कष्टाच्या दिवशीही ते स्वतःला आवरतात.

आणखी एक, जे कोणत्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. पोराचा भार फक्त मैदानावर मोजू नका. मार्च-एप्रिलमध्ये ही मुलं पहाटे मोहफुलं वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्त्याला जातात, जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी घेऊन घरी रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, जातात. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून रोवणी केलेल्या पोरीला संध्याकाळी ४०० च्या फेऱ्या द्यायच्या नसतात. तिचा तो दिवस सरावाचाच धरायचा. मी वहीत ‘रोवणी’ असं लिहितो आणि त्या आठवड्यात जोराचे दिवस काढून टाकतो. सप्टेंबरमध्ये या मुली ताज्या असतात.

आता रक्ताचं.

माझ्याकडे एक मुलगी होती, नववीतली. पहिल्या वर्षी तीन किलोमीटर सहज पळायची. दुसऱ्या वर्षी टायमिंग घसरू लागलं. सुरुवात ठीक, मग दुसऱ्या किलोमीटरला धाप. मी तिला म्हटलं, लक्ष नाही तुझं. जास्त पळवलं. ती म्हणायची, "सर, पायच उचलत नाही जी." मी ती सबब समजलो, तक्रार समजलो नाही. चार महिन्यांनी ती प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन निघालं ७.८. मुलीत ते १२ च्या वर हवं. माझ्या हातून झालेली ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती घड्याळानंही पकडली नसती, जुन्या डोळ्यानंही पकडली नाही. तिनं तर तोंडानं सांगितलं होतं.

महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयाच्या आहेत हे सरकारी पाहणीच सांगते. ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर लिडियार्ड काय करेल आणि नॉर्वे काय करेल? वर्षातून दोनदा, शाळा सुरू होताना आणि दिवाळीनंतर, सगळ्यांचं हिमोग्लोबिन करून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोरं खरंच गिळतात का ते स्वतः पाहा. जेवणाबरोबर चहा बंद करा, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी ताटात लिंबाची फोड किंवा आवळा. हरभरा, तूर, पालेभाज्या आपल्याकडे आहेतच, फक्त भातावर पातळ वरण एवढ्यावर धावपटू उभा राहत नाही.

दुसरी तपासणी सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या तांबड्या पेशींच्या आजाराची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ, नंदुरबार हे पट्टे या आजाराचे आहेत हे तुम्हाला माहीत आहेच. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून याचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, ४० वर्षांच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. रुग्ण असलेला मुलगा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जोराच्या सरावात येता कामा नये, आणि त्याला लोहाची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय द्यायची नाही. पण मला सांगायचं आहे ते वाहकाबद्दल, म्हणजे ज्याला आई किंवा बाप या एकाकडूनच हा गुण आला आहे. तो एरवी ठणठणीत असतो. खेळू शकतो, जिंकू शकतो. मात्र उकाड्यात, पाणी कमी पडलेलं असताना, न थांबता जीव तोडून पळाला तर त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडू असे मेले आहेत, म्हणून २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयांत ही तपासणी सुरू झाली.

ओळखायचं कसं? पायात गोळा (पेटका) आलेल्या पोराचा स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि ते ओरडतं. सिकलसेलच्या त्रासात पाय नुसते गळून जातात, स्नायू हाताला मऊ लागतो, मूल शुद्धीवर असतं, बोलतं, पण उठता येत नाही. आणि हे बहुधा सरावाच्या सुरुवातीलाच, पहिल्या काही फेऱ्यांतच होतं. असं दिसलं की "नाटक करू नको" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. सराव बंद, लगेच दवाखाना, आणि डॉक्टरांना सांगायचं की हा वाहक आहे. वाहक मुलाला पळण्यापासून तोडू नका. त्याला हळूहळू चढवा, दोन फेऱ्यांमध्ये भरपूर विश्रांती द्या, त्याच्या गतीनं थांबू द्या, तापात किंवा जुलाबात सराव देऊ नका, आणि सुट्टीहून आल्याच्या पहिल्याच दिवशी १६०० मीटरचं टायमिंग कधीही लावू नका. मुलाची माहिती मात्र तुम्ही, पालक आणि डॉक्टर यांच्यातच ठेवा. आपल्या गावांत या कागदावरून लग्नं मोडतात.

यातूनच पाण्याचा मुद्दा येतो आणि इथं गुरुजींशी तडजोड नाही. मध्ये पाणी प्यायलं की दम तुटतो, पोटात दुखतं, हा समज आमच्या साहेबांचाही होता. तहान लागली की प्यायचं, घोट घोट प्यायचं. शंका असेल तर शाळेच्या वजनकाट्यावर पळण्याआधी आणि नंतर वजन करा. ४५ किलोचं पोरगं ४४ भरलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं, आणि एवढ्यावर पळणं मंदावतंच. गुरुजींना काटा दाखवा, वाद घालू नका. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, जोराचा सराव बंद. एखादं मूल उन्हात पळून बडबडू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, अंग तापून निघालं, तर गाडी शोधत बसू नका. हौदात, टाक्यात, जे असेल त्यात मानेपर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा, पाणी ढवळत राहा. आधी गार करायचं, मग न्यायचं. पंधरा-वीस मिनिटांत हा निकाल लागतो.

पहाटे चारला पळणं हेही आता बंद करा. मी लहान असताना चालायचं. आज ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या जंगलकाठच्या रस्त्यांवर वाघ आहे आणि अंधारात एकटं पळणारं किंवा बुटाची नाडी बांधायला वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही. पूर्ण उजाडल्यावर, घोळक्यानं, सायकल बरोबर घेऊन. मे महिन्यात त्यामुळे पळायला जेमतेम तास मिळतो, मिळू द्या.

मुलींच्या पाळीबद्दल एवढंच: पाळी थांबली तर ते तंदुरुस्तीचं लक्षण नाही. खाणं कमी पडतंय आणि हाडं झिजायला लागली आहेत असं समजा. तीन महिने पाळी आली नाही तर दवाखाना. हे विचारायला शाळेतल्या एखाद्या बाईंना बरोबर घ्या.

जुन्यातली एक गोष्ट मात्र तुम्ही गुरुजींकडून मागून घ्या. आपल्याकडे जोर, बैठका, सूर्यनमस्कार, मल्लखांब होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९१४ पासून ही परंपरा सांभाळली आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ तिथं नेऊन दाखवले. धावणाऱ्याला ताकदीचा व्यायाम लागतो, त्यानं त्याच श्वासात जास्त पळता येतं, हे नव्या संशोधनानं पक्कं केलं आहे. कोर्समध्ये त्यासाठी लोखंडी वजनं दाखवली असतील. तुमच्याकडे ती नाहीत, पण एका पायावरच्या बैठका, पायरीवर टाच उचलणं, टेकडीवर उड्या मारत चढणं, हे सगळं आहे. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. तसंच अनवाणी पळणं: बंद करू नका आणि सक्तीही करू नका. मैदानावर मऊ मातीत दहा मिनिटं अनवाणी, डांबरावर बूट.

अविनाश साबळेकडे पाहा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, कोरडवाहू घर. फौजेत गेला, तिथं क्रॉसकंट्रीतून वर आला, अमरीश कुमार या फौजेतल्याच प्रशिक्षकानं त्याला घडवलं. मधे परदेशी प्रशिक्षकाकडचा सराव त्याला मानवला नाही तेव्हा तो परत अमरीश कुमारांकडे आला. पुढे अमेरिकेत स्कॉट सिमन्स यांच्याकडे सराव केला आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ३,००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळाला. मधला तो परत फिरण्याचा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. काय मानवतं आणि काय नाही हे त्याला सांगता आलं, आणि ते ऐकणारा प्रशिक्षक त्याला होता.

म्हणून तुम्हाला एक वही घालायला सांगतो. दोनशे पानी, साधी. रोज प्रत्येकाच्या नावासमोर: किती मिनिटं पळाला, प्रतिज्ञा म्हणता आली का, झोप कशी झाली, काही दुखतं का. त्याच्याच शब्दांत लिहा. "पायच उचलत नाही" असं म्हणाला तर तसंच लिहा. आणि शेवटी एक रकाना ठेवा: आला नाही, का आला नाही. संध्याकाळी ती वही गुरुजींजवळ बसून वाचा. कोणाच्या घरी काय चाललं आहे, कोणाचा बाप दारू पितो, कोण उपाशी येतो, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. तेही त्यात लिहून ठेवा.

सुरुवात रक्ताच्या तपासणीनं करा, मग पहिले सहा आठवडे फक्त शिट्टीचं संथ पळणं, जोराचं काहीच नाही. गुरुजी कुरकुरतील, करू द्या. ऑगस्टच्या शेवटी, रोवणी आटोपली की फेऱ्या सुरू करा. आणि दिवाळीनंतर थंडी पडली की नहराच्या त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, तीन किलोमीटरचं टायमिंग घ्या. पहिला कितीत आला हे मला नंतर सांगा. आधी हे कळवा की वहीतल्या १४ च्या १४ नावांसमोर त्या दिवशी आकडा पडला का.